‘आर्टाक घातलंस? मगे फुडे काय?’

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे कोकण मंडळ राज्यात पहिलं. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि कोकणाचा ९८.८२. मंडळ दोनच जिल्ह्यांचं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, पण पेपरात बातमी पहिल्या पानावर. दुसरी गोष्ट पेढे वाटून झाल्यावर सुरू होते, ती म्हणजे चौकशी. सायन्स घेतलं तर कोणी काही विचारत नाही. कॉमर्स घेतलं तर ‘बँकेत चिकटेल’ म्हणतात. आयटीआयला गेला तर ‘बरां झाला, हाताक काम गावतला’. आणि आर्ट्स घेतलं तर शेजारचे भाऊकाका सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवतात आणि माझ्या बहिणीला विचारतात, ‘झिलाक आर्टाक घातलंस? मगे फुडे काय करतलो तो?’

प्रश्न मूर्खपणाचा नाही. भाऊकाकांनी चार पोरं वाढवली आहेत, फणसाच्या आणि काजूच्या जोरावर. त्यांना शिक्षण म्हणजे मुंबईची एक खोली, एक नोकरी आणि गणपतीला येताना हातात पैसे, असं दिसतं. मी स्वतः मेकॅनिकल डिप्लोमावाला. ग्रीसच्या वासात निम्मं आयुष्य गेलं. म्हणजे या भांडणात मी कुठल्या बाजूचा, हे कागदावर ठरलेलंच आहे. तरी भाच्याच्या निमित्ताने हा प्रश्न नीट उलगडून पाहायचा ठरवलं, कारण ‘हुन्नर मोठा की विद्या मोठी’ या वादात दोन्ही बाजूंची माणसं शब्द चुकीचे वापरतात.

सुरुवात ‘आर्ट्स’ या शब्दापासून. जगात ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात त्याचा आणि आपल्या अकरावीच्या कला शाखेचा संबंध फार दूरचा. त्यातला ‘लिबरल’ हा शब्द लॅटिन आहे, अर्थ मोकळ्या माणसाचा. रोममध्ये गुलाम आणि मोकळे नागरिक असे दोन वर्ग होते. गुलामाने सांगितलेलं काम करायचं. मोकळ्या नागरिकाला सभेत बोलायचं, कोर्टात बाजू मांडायची, कोणाला मत द्यायचं ते ठरवायचं. ज्याला ठरवायचं असतं त्याला जे यायला हवं, ते या विद्यांमध्ये धरलं. पुढे मध्ययुगीन युरोपात त्यांची सातची यादी पक्की झाली. तीन शब्दांच्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व. चार संख्यांच्या: अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. संगीत संख्यांमध्ये, कारण तारेची लांबी निम्मी केली की सूर वरच्या सप्तकात जातो, हा हिशोब आहे.

म्हणजे गणित ‘आर्ट्स’मध्ये होतं! आमच्याकडे अकरावीला आर्ट्स घेणाऱ्या निम्म्या मुलांना मुख्य आनंद कसला, तर गणित सुटल्याचा.

आपल्याकडची जुनी वाटणी तर आणखी गमतीची. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गाणं, काव्य आणि कोडी घालणं यांच्या शेजारी सुतारकाम, वास्तुविद्या आणि धातूंचं ज्ञान बसलेलं आहे. कला म्हणजे जे नीट करता यायला हवं ते. पोवाडा रचणं ही कला, होडीच्या फळ्यांमधल्या भेगा पाणी शिरू नये अशा भरणं ही सुद्धा कला.

पण इथे एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हा लेख विद्येची आरती होईल. रोमच्या नागरिकाला विद्या शिकायला वेळ मिळाला, कारण त्याचं शेत गुलाम नांगरत होता. आपल्याकडे तीच वाटणी जातीने केली. यादीत कला शेजारी शेजारी, पण माणसं वेगळ्या आळीत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्या हातात हुन्नर आणि पोथी दुसऱ्याच्या घरात. हाताने काम करणारा खालचा आणि तोंडाने बोलणारा वरचा, हे इतकं मुरलं की आजही इंजिनिअर झालेला पोरगा स्वतःच्या हाताने नट आवळायला लाजतो. तेव्हा ‘तांत्रिक शिक्षणामुळे मानव्यविद्यांचा अपमान होतो आहे’ अशी ओरड कोणी केली की मला पहिल्यांदा आमच्या गावचा लोहार आठवतो. अपमान कोणाचा झाला आणि किती शतकं, याचा हिशोब आधी मांडू.

ही भिंत मधल्या काळात थोडी पडलीही होती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. एवढं सगळ्यांना माहीत. पण हा माणूस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता गणित आणि खगोल. कुलाब्याच्या वेधशाळेचं काम त्यांच्याकडे होतं. आणि ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापून निघाली, १८४५ मध्ये, ती त्यांनीच सिद्ध केलेली. एकच माणूस ताऱ्यांचे वेध घेतो, ओव्यांचे पाठ तपासतो आणि वर्तमानपत्र काढतो. आज त्यांना अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसवलं तर शाखेच्या रकान्यातच अडकतील.

आता पैशाचं बोलू, कारण भाऊकाकांचा प्रश्न पैशाचा आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. गिरणगावात साचाखात्यातल्या माणसाला मान असे, कारण ते काम आठ दिवसांत येणारं नव्हतं. धोटा कसा धावतो आहे हे ते कानाने ओळखत. खात्यात एवढा गोंगाट की माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवर बोलत, पण आपल्या साच्याचा आवाज बदलला की त्यांची मान आपोआप वळे. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची ती अशी की कापडावर बोट फिरवलं तरी कळू नये. वीस वर्षांत मिळवलेला तो हुन्नर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. वडील सामान बांधून गावी आले. गावात साचा नव्हता. वीस वर्षांचा हुन्नर एसटीच्या टपावरून उतरला तेव्हा त्याची किंमत शून्य होती.

अर्थशास्त्रात याला सरळ स्पष्टीकरण आहे. कौशल्य दोन प्रकारचं धरा. एक कुठेही नेता येणारं: वाचणं, हिशोब, मुद्दा मांडणं, अनोळखी गोष्ट शिकून घेणं. दुसरं एखाद्या यंत्राला, एखाद्या कारखान्याला किंवा धंद्याला चिकटलेलं. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या सुमारास या फरकाची नीट मांडणी केली. चिकटलेल्या कौशल्याला दाम चांगला मिळतो, लवकर मिळतो, पण यंत्र गेलं की कौशल्य त्याच्याबरोबर भंगारात जातं. एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ११ देशांच्या आकडेवारीवरून हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. धंदेशिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी नोकरी लवकर लागते, सर्वसाधारण शिक्षण घेतलेले तेव्हा मागे असतात. वय वाढलं की चित्र उलटतं, धंदेशिक्षणवाले कामाबाहेर पडण्याचं प्रमाण वाढतं. जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड अशा देशांत, जिथे कारखान्यातच उमेदवारी करून शिकतात, तिथे हा उलटा फेर जास्त ठळक. कारण उघड आहे: जितकं एका कामासाठी पक्कं घडवलं, तितकं दुसऱ्या कामासाठी वळवणं जड.

तालुक्याच्या ठिकाणी गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या, आठवतात? मराठी तीस, इंग्रजी चाळीस. त्या खडखडाटाच्या जोरावर कितीतरी घरं चालली. आता कोडिंग शिकलेल्या मुलांच्या तोंडी तीच काळजी ऐकू येते, फक्त इंग्रजीत.

वडिलांचं पुढे काय झालं ते सांगतो, पण त्यातून भलता अर्थ काढू नका. मुंबईत ते गावकरी मंडळाचे चिटणीस होते. खोलीचं भाडं, भिशी, मयताचा खर्च, मंदिराची वर्गणी, या सगळ्याच्या वह्या त्यांच्याकडे. दर महिन्याला सभा, सभेचं इतिवृत्त, त्यावर हरकती, हरकतींना उत्तरं. सातवी शिकलेल्या माणसाला मंडळाने व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तिन्ही विद्या शिकवल्या. गावी आल्यावर लोक त्यांच्याकडे वारसनोंदीचे आणि फेरफाराचे अर्ज लिहायला येऊ लागले. पुढची पंचवीस वर्षं आमच्या पडवीत तेच चाललं. पैसे? कधी नारळ, कधी वालीच्या शेंगा. आमचं घर चाललं ते आईच्या भातशेतीवर आणि नंतर माझ्या डिप्लोमावर. दाम हुन्नराने दिला. फक्त एवढंच, की साच्याचा हुन्नर गेला आणि अर्जाचा राहिला.

मग अशा कामाला पैसे का मिळत नाहीत? लोकांना त्याची कदर नाही, हे उत्तर आळशी आहे. खरं उत्तर दशावतारात आहे.

दशावताराचं नाटक घ्या. जत्रेची रात्र, देवळासमोरचा मांड. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग संकासूर, मग आख्यान. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरते, पात्रं वाटली जातात आणि संवाद तिथल्या तिथे रंगमंचावर उभे राहतात. (वक्तृत्वाचा याहून अवघड पेपर कुठल्या विद्यापीठात असेल तर मला दाखवा.) पेटी, पखवाज, झांज, दहाबारा माणसं आणि पहाटेपर्यंतचा वेळ. आता विचार करा, माझ्या पणजोबांच्या काळी हेच नाटक उभं करायला किती माणसं लागत? तेवढीच. किती वेळ? तेवढाच. शंभर वर्षांत एकाही मिनिटाची बचत नाही. करायची म्हटली तर राजाच्या तोंडची वाक्यं दुप्पट वेगाने म्हणावी लागतील.

त्याच शंभर वर्षांत किनाऱ्यावर काय झालं? वल्ह्याच्या होडीला इंजिन आलं, नायलॉनची जाळी आली, जीपीएस आलं, पाण्याखालचा मासळीचा थवा पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं. एका खलाशामागे मिळणारी मासळी कितीतरी पट वाढली आणि त्याबरोबर त्याची मजुरीही वाढली. दशावतारी नटाचं काम तेवढंच राहिलं. पण तोही त्याच बाजारात तांदूळ घेतो. त्याला बोटीवर जास्त मिळत असेल तर तो रात्र का जागवेल? त्याला टिकवायचं तर बिदागी वाढवावी लागते, आणि नाटक मात्र होतं तेवढंच राहतं. म्हणजे दर पिढीला नाटक तुलनेने महाग होत जातं. नट आळशी झाले म्हणून नाही, रसिक कमी झाले म्हणूनही नाही. बाकीचं जग यंत्राने स्वस्त झालं म्हणून.

विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या नाट्यगृहांकडे आणि वाद्यवृंदांकडे बघून हे सूत्र मांडलं. बीथोवनची चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच लागायची, आजही चौघांनाच लागते. शाळा, दवाखान्यातली शुश्रूषा, कोर्टातला युक्तिवाद, अंगणवाडी, ही सगळी कामं याच जातीची. चाळीस मुलांना वाचायला शिकवण्याचा वेळ इंजिन लावून कमी करता येत नाही. म्हणून सरकार असो, संस्था असो की घरातला कर्ता, खर्चाला कात्री लावायची वेळ आली की हात पहिल्यांदा याच कामांवर पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की ‘आर्ट्सवाल्याला पगार कमी, म्हणजे त्याचं काम कमी मोलाचं’ या वाक्यातली फट दिसते. पगार मोल सांगत नाही. टंचाई किती आणि यंत्राची साथ किती, एवढंच सांगतो. विहिरीचं पाणी फुकट आणि हापूसची पेटी हजारांत, म्हणून कोणी पाण्याशिवाय आंब्यावर जगत नाही.

आता मोल कुठे दिसतं ते बघू. दोन प्रसंग सांगतो, दोन्ही कोकणाशी बांधलेले.

राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून पाच वेळा निवडून गेलेले मधू दंडवते हे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवत. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. यात तंत्रज्ञान काय होतं? काहीच नाही. फोम कधीचा बाजारात होता. पहिल्या वर्गाला गाद्या होत्या. गरिबाच्या पाठीला गादी लागते, एवढा एक विचार कोणी केला नव्हता. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला तो सुचला, पण भौतिकशास्त्रामुळे नव्हे, समाजवादी चळवळीत काढलेल्या वर्षांमुळे. मुंबईहून रात्रभराच्या गाडीने कोकणात उतरणारा चाकरमानी आज पाठ न मोडता उतरतो, त्यात त्या दोन इंचांचा वाटा आहे.

दुसरा प्रसंग महाडचा. चवदार तळं. या तळ्यात तांत्रिक उणीव एकही नव्हती. पाणी होतं, पायऱ्या होत्या, काठ बांधलेला होता. जनावरं पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र बंदी. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी काय केलं? तळं ‘शुद्ध’ केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी आणि वर मंत्र.

यातला मंत्र म्हणणारा भाग मी मुद्दाम सांगतो. ती शिकलेली माणसं होती. व्याकरण पाठ होतं, श्लोक पाठ होते. विद्या घेतली की माणूस आपोआप माणुसकीचा होतो, असं मानव्यविद्यांचे पुरस्कर्ते म्हणतात तेव्हा मला या १०८ घागरी आठवतात. नाही होत. ते वाक्य सोडून द्यावं.

पण पुढचं बघा. विरोधकांनी दिवाणी दावा लावला. म्हणणं असं की तळं खाजगी आहे, आणि ही बंदी परंपरेने अनादी काळापासून चालत आली आहे, म्हणून ती कायद्यासारखीच. खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. मुख्य कारण काय, तर ही रूढी अनादी काळापासूनची आहे हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. क्षणभर थांबून यावर विचार करा. महाडच्या पाण्याचा निकाल पंपाने लागला नाही, पाइपने लागला नाही. ‘हे पूर्वापार चालत आलं आहे’ या वाक्याला ‘पूर्वापार म्हणजे कधीपासून? पुरावा दाखवा’ असं विचारता आलं, म्हणून लागला. इतिहास, कायदा आणि भाषा यांचं हे काम. हे कामसुद्धा हुन्नरच आहे, साच्यावरच्या गाठीइतकंच बारीक. आंबेडकरांनी ते एल्फिन्स्टनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये वर्षानुवर्षं बसून कमावलं होतं.

तंत्र ‘कसं’ सांगतं. ‘कोणासाठी’ हा प्रश्न आला की तंत्राचं पुस्तक तिथे संपतं. समुद्रात हे रोज दिसतं. पर्ससीन जाळ्याने बांगड्याचा आख्खा थवा एका फेरीत घेरता येतो, पण घेरावा का, आणि मग किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या वाट्याला काय उरेल, हे जाळं सांगत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले ते मासळीच्या अभ्यासावर आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वर्षानुवर्षांच्या भांडणावर. निर्बंध पाळले किती जातात, तो वेगळा लेख होईल.

एवढं वाचून कोणाला वाटेल की मी शेवटी विद्येच्या पंगतीत जाऊन बसलो. तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, इकडे दापोली, मंडणगड. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. त्या दिवसांत गावात देव कोण होता? वायरमन. चिखलातून खांद्यावर तारेची वेटोळी घेऊन येणाऱ्या त्या पोराला लोक घरात बोलावून जेवायला घालत होते. त्या वेळी तिथे उभं राहून मी चार चांगली वाक्यं बोललो असतो तर लोकांनी मला झावळ्या उचलायला लावलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

पण वीज आली आणि भरपाईचा प्रश्न उभा राहिला. सरकारने जाहीर केले हेक्टरी पन्नास हजार. आता दिवेआगरला किंवा आंजर्ल्याला वाडी असते गुंठ्यात. दहा गुंठ्यांत नारळ, पोफळी, मध्ये जायफळ, वर मिरीचा वेल, एकावर एक माळे चढवल्यासारखं. हेक्टरचं माप ही वाडी बघूच शकत नाही. दहा गुंठ्यांचे होतात पाच हजार, आणि गेलेली झाडं पुन्हा फळायला जातात कित्येक वर्षं. बागायतदारांनी मागणी लावून धरली की क्षेत्र मोजू नका, झाडं मोजा. अखेर झाडामागे भरपाईचा हिशोब मान्य करावा लागला. माप कुठलं घ्यायचं, हा गणिताचा प्रश्न दिसतो, पण गणित तर दोन्ही मापांनी बिनचूक येतं. कुठलं गणित न्यायाचं, ते बोलून, लिहून, पटवून ठरतं. वायरमन लागतो आणि हे पटवणाराही लागतो. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही, आणि कुठलं काम आधी, ते वादळ ठरवतं.

आता आमच्या कॉलेजांविषयी, आणि इथे मी कोणाची भीड ठेवणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात ‘आर्ट्स’ म्हणून जे बहुतेक ठिकाणी चालतं, त्याला या जुन्या सात विद्यांशी काही देणंघेणं नाही. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइड आणायचं, ‘कारणे सांगा’ची सहा कारणं पाठ करायची. इतिहासाच्या मुलाने एकही मोडी कागद हातात घेतलेला नसतो. भूगोलाच्या मुलाला आपल्या गावचा कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, नकाशावर दाखवता येत नाही. गंमत अशी की त्याच सड्यांवरची कातळशिल्पं शोधायला गावोगाव फिरून गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत गेले ते रत्नागिरीकडचे हौशी अभ्यासक, आणि त्यांच्यातले पुढे असलेले पेशाने इंजिनिअर. २०२२ मध्ये त्यातली काही ठिकाणं, कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे वगैरे, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे मानव्यविद्येचं काम झालं, पण ते कला शाखेतून झालं नाही.

तेव्हा भाऊकाकांना आर्ट्सची जी भीती वाटते ती खऱ्या वस्तूची नाही, तिच्या नकलेची आहे. त्या नकलेविषयी त्यांचं मत चुकीचं म्हणता येणार नाही. तीन वर्षं गाइड पाठ केलेल्या मुलाला ना तार जोडता येते ना अर्ज लिहिता येतो. आयटीआयची दुसरी बाजूही तशीच. ‘हे बटण असं दाब’ एवढंच शिकवलं आणि ‘ते का दाबायचं’ हे नाही, की नवीन यंत्र आल्यावर पोरगा परत शून्यावर. माझ्या वर्कशॉपमध्ये दोन्ही नमुने पाहिले आहेत. मॅन्युअल उघडून शांतपणे वाचणारा फिटर दहा वर्षांनी सुपरवायझर होतो, आणि ते वाचणं त्याला आयटीआयने शिकवलेलं नसतं, कुठल्या तरी शाळेतल्या मराठीच्या बाईंनी शिकवलेलं असतं.

माझा सल्ला कोणी विचारला तर तो घर बघून बदलतो. घरात दोन वर्षं पोरग्याला बसून खाऊ घालायची ऐपत नसेल तर आधी हाताला काम देणारं शिक्षण, वायरमन, डिझेल मेकॅनिक, नर्सिंग, जे मिळेल ते, आणि त्याची लाज शून्य. आयटीआयनंतर डिप्लोमाचा रस्ता असतो, पुढे पदवीचाही. फक्त वाचन सोडू द्यायचं नाही. ऐपत असेल आणि मुलाला खरंच इतिहासात, भाषेत, अर्थशास्त्रात रस असेल तर आर्ट्स, पण कॉलेजच्या भरवशावर नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा दुय्यम विषय घ्यायची दारं कागदावर उघडली आहेत. तालुक्याच्या कॉलेजात तो विषय शिकवायला माणूस आहे का, ते आधी जाऊन बघावं.

भाच्याने शेवटी आर्ट्सच घेतलं. सकाळी कुडाळला कॉलेज, दुपारनंतर चुलतभावाबरोबर वायरिंगची कामं. इलेक्ट्रिकचा टेस्टर खिशात घालून वर्गात बसतो म्हणे. बाईंनी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाला, पेन.

मागच्या महिन्यात भाऊकाका सातबाऱ्याचा उतारा घेऊन आमच्याकडे आले. सड्यावरच्या जमिनीची मोजणी व्हायची आहे आणि नोटिशीतले शब्द त्यांना लागत नव्हते. भाच्यासमोर कागद धरून म्हणाले, ‘ह्या काय लिवलाहा, वाच बघूया.’ त्याने वाचलं. एका रकान्यात क्षेत्र होतं आणि पुढे ‘पोटखराब’. म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

‘काका, सड्यावरचा गवत तुम्ही दरवर्षी कापतास मा?’

‘कापतंय. तीन गोरवां त्याच्यारच जगतत.’

‘मग ह्या खराब म्हणून कोणी लिवला? आणि कधी?’

भाऊकाकांनी उतारा परत हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि घरातून जुने कागद घेऊन येतो म्हणाले.